त्या दोघी कोठे गेल्या?

संपादकांनी या अंकासाठी ‘एखाद्या गाजलेल्या पुस्तकाचे परीक्षण द्या’ असे कळवले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कादंबरी असावी. मी धाडतो आहे ते परीक्षण मात्र सहाशे पानांच्या एका इंग्रजी अहवालवजा ग्रंथाचे आहे. त्यात कोष्टके आहेत, आलेख आहेत, टेलिफोनच्या सुट्या भागांची वर्णने आहेत, आणि नायिका पाच आहेत. वाचकांनी फराळाचे ताट पुढे ओढून अंक मिटून ठेवू नये, एवढ्यासाठी हे शेवटचे आधी सांगून टाकतो.

ग्रंथाचे नाव ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’. १९३९ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने तो बाहेर आला. लेखक दोघे. फ्रिट्झ रोथ्लिसबर्गर हे हार्वर्डमधले अध्यापक, आणि विल्यम डिक्सन हे ज्या कारखान्याची हकीकत ग्रंथात आहे त्याच कंपनीचे नोकर. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शेजारी शब्दकोश ठेवून, शाळा सुटल्यावर रोज दहा-बारा पाने, अशा चालीने मी तो वाचला. समाजशास्त्राचा मी जाणकार नव्हे. पण गोष्ट कशी रचली जाते, ती लेखकाच्या सोयीने कोठे वळते आणि कोणते पात्र गुपचूप मागच्या दाराने बाहेर काढले जाते, हे ओळखण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. हा ग्रंथ आणि त्याच्या आधाराने पुढे जगभर सांगितली गेलेली हकीकत यांतले अंतर मला दिसले ते त्या सवयीमुळे.

याच्याशी आपले काय देणेघेणे, असे कोणी विचारील. घरातले कोणी ना कोणी कारखान्यात, बँकेत, कचेरीत, इस्पितळात किंवा शाळेत असतेच. अशा संस्था आतून कशा चालतात, माणसे तेथे मन लावून काम का करतात आणि का करीत नाहीत, याचा अभ्यास करणारे एक शास्त्र गेल्या शंभर वर्षांत उभे राहिले आहे. विश्रांती किती मिनिटांची द्यावी, मजुरी एकेकट्याची मोजावी की गटाची, साहेबाने हाताखालच्याशी कसे बोलावे, याबाबतचे सल्ले त्या शास्त्रातून निघतात आणि आपल्या माणसांच्या डोक्यावर येऊन बसतात. तेव्हा हे शास्त्र आपली माहिती गोळा कशी करते, हा प्रश्न पंडितांपुरता राहत नाही.

आता गोष्ट. अमेरिकेत शिकागोला लागून सिसेरो नावाचे गाव आहे. तेथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणारा. १९२४ साली तेथे दिव्यांचे प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला तर काम वाढते काय, एवढाच साधा प्रश्न. उत्तर मात्र घोटाळ्याचे निघाले. उजेड वाढवला तरी काम वाढे, कमी केला तरीही ते घटेना. एका प्रयोगात दोघी कामगार स्त्रियांपुढचा उजेड चांदण्याइतका मंद करीत नेला, तरी त्या काम करीतच राहिल्या.

मग एप्रिल १९२७ मध्ये एक निराळी खोली उघडली. टेलिफोन केंद्रात लागणारा ‘रिले’ म्हणजे विजेवर चालणारा एक लहानसा खटका. सुमारे पस्तीस बारीक भाग एकमेकांवर रचून स्क्रूंनी आवळायचे, की एक रिले तयार. हाताला सवय झाली म्हणजे मिनिटाभराचे काम. या खोलीत पाच तरुण मुली जोडणीला बसवल्या, सहावी त्यांना भाग पुरवणारी. शेजारी एक निरीक्षक. तयार रिले पन्हळीत टाकला की फिरत्या कागदी फितीला भोक पडे. म्हणजे कोणी कोणत्या क्षणी किती केले याची नोंद आपोआप होई. खोलीतली उष्णता लिहिली जाई, हवेतला दमटपणा लिहिला जाई, मुली रात्री किती तास झोपल्या आणि काय जेवल्या हेही लिहिले जाई. आमच्याकडच्या सासवासुद्धा इतका हिशेब ठेवीत नसतील.

नंतर एकेक बदल. पूर्वी या मुलींची मजुरी शंभरावर कामगारांच्या एकत्रित कामावर ठरे, ती आता या पाच जणींच्याच कामावर ठरू लागली. मग पाच-पाच मिनिटांच्या दोन विश्रांती दिल्या, मग दहा-दहा मिनिटांच्या, मग खाणे दिले, मग सुट्टी लवकर केली, मग शनिवार मोकळा दिला. काम वाढत गेले. शेवटी १९२८ मध्ये सगळ्या सवलती काढून घेतल्या आणि मुलींना पूर्वीच्याच अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यावर आणले. आणि आठवड्याचे काम काही खाली येईना!

हा त्या गोष्टीचा कळसाध्याय. मी कादंबरीकार असून सांगतो, याहून चांगली कलाटणी मला सुचली नसती. एल्टन मेयो हे ऑस्ट्रेलियातून हार्वर्डला आलेले अध्यापक. त्यांनी या प्रयोगांचा अर्थ जगापुढे मांडला. त्यांच्या आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांच्या हातून जो बोध निघाला तो असा: विश्रांती, उजेड, पैसा या गोष्टी दुय्यम आहेत. मुलींकडे कोणी लक्ष दिले, त्यांना विचारले, त्यांचा एक जिव्हाळ्याचा गट झाला, म्हणून काम वाढले. आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे या जाणिवेने माणसाचे वागणे बदलते, याला पुढे ‘हॉथॉर्न परिणाम’ असे नावही पडले. पाठ्यपुस्तकांतून तो आजही शिकवतात.

आता ग्रंथ सावकाश वाचावा. जानेवारी १९२८ मध्ये, म्हणजे कळसाध्यायाच्या काही महिने आधी, त्या पाच मुलींपैकी दोघींना खोलीतून काढून परत मोठ्या विभागात पाठवले होते. त्या फार बोलत, सांगितलेले ऐकत नसत, सहकार्य करीत नसत, असा त्यांच्यावर ठपका होता. त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. नव्या दोघींचा हात चांगला चालणारा होता. त्यांतल्या एकीवर आईच्या मृत्यूमुळे घराचा भार येऊन पडला होता, तिला पैशांची निकड होती, आणि तीच पुढे त्या गटाची म्होरकी झाली. त्या आल्या आणि गटाचे काम चांगलेच वर गेले.

एखाद्या कादंबरीत मध्यावर दोन नायिका बदलल्या आणि लेखक शेवटी म्हणू लागला, ‘पाहा, प्रेमाने या पाच जणींचे स्वभाव कसे पालटले!’, तर वाचक पुस्तक परत पाठवील. येथे मात्र विद्वानांनी ते डोक्यावर घेतले. ज्या खोलीत गटाच्या जिव्हाळ्याने काम वाढले असे म्हणायचे, त्याच खोलीत न ऐकणाऱ्यांना बाहेर काढले जाते हेही उरलेल्या तिघींनी पाहिले होते. जिव्हाळा होता असेलही, पण धाकही होता. १९२९ नंतर मंदी आली आणि दाराबाहेर बेकारांच्या रांगा लागल्या, तेव्हा त्या धाकाला आणखी धार आली असणार. आणि कळसाध्यायाचे म्हणाल, तर सवलती काढल्यावर ताशी काम थोडे उतरलेच होते. तास वाढले म्हणून आठवड्याची बेरीज चढती दिसली.

आम्हा मास्तर लोकांना यात नवे वाटत नाही. शाळा-तपासणीच्या दिवशी मुलांचे केस विंचरलेले असतात, पेटीतले नकाशे भिंतीवर येतात, फळ्यावर सुविचार उमटतो. साहेबांना मुले चुणचुणीत वाटतात. मागल्या बाकावरची दोन मुले मात्र नेमकी त्या दिवशी घरी असतात. का, ते हजेरीपटात लिहिलेले नसते. अमुक शाळेत असे होते असे मी म्हणत नाही, पण हे वाचून ओळखीचे हसू न येणारा मास्तर मला दाखवावा.

रोथ्लिसबर्गर आणि डिक्सन यांच्याशी न्यायाने वागले पाहिजे. त्या दोघींची हकीकत त्यांनी दडवलेली नाही. ग्रंथात ती आहे. पैशाचा परिणाम तपासण्यासाठी दुसऱ्या एका गटाची फक्त मजुरीची पद्धत बदलून पाहिली, तेव्हा काम जवळजवळ लगेच सुमारे बारा टक्के वाढले, हेही त्यांनीच छापले आहे. तो प्रयोग नऊ आठवड्यांत गुंडाळला, कारण विभागातल्या इतर कामगारांनी कुरकुर केली. म्हणजे त्यांच्याविरुद्धचा पुरावा त्यांच्याच वहीत मिळतो. १९६७ साली अ‍ॅलेक्स कॅरी यांनी हीच वही उघडून त्या प्रयोगांवर जळजळीत टीका केली, ती काही नवा कारखाना पाहून नव्हे. वही प्रामाणिक होती, पण वहीवरून सांगितलेली गोष्ट तितकी प्रामाणिक राहिली नाही. संस्थांच्या अभ्यासात सुधारणा करायची तर मी पहिला आग्रह धरीन तो वहीचा. निष्कर्षाबरोबर कच्ची नोंदही सांभाळा आणि परक्याला पाहू द्या.

याचा पुरावा दिव्यांच्याच प्रयोगात आहे. त्या नोंदी नाहीशा झाल्या असे बरीच वर्षे सगळे धरून चालले होते. स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या जुन्या दप्तरांतून हुडकून काढल्या आणि २०११ साली आपले म्हणणे प्रसिद्ध केले. त्यांना जे दिसले ते एखाद्या गृहिणीलाही सुचावे असे आहे. दिवे बदलले जात ते रविवारी, कारखाना बंद असताना. सोमवारी काम वाढलेले दिसे. पण दिवे न बदलता गेलेल्या आठवड्यांतही सोमवारचे काम शनिवारपेक्षा जास्तच होते! रविवारची झोप झालेल्या माणसाच्या ताजेपणाचे श्रेय इतकी वर्षे दिव्याला, नाहीतर पाहणाऱ्याच्या नजरेला मिळत आले होते. मूळ गाजावाजाला शोभेल असे त्या आकड्यांत त्यांना फार थोडे सापडले.

याच कारखान्यात दुसरी एक खोली होती, आणि माझ्या मते ग्रंथाचा जीव तिच्यात आहे. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात चौदा पुरुष तेथे काम करीत होते. नऊ जण तारा जोडणारे, तिघे डाख देणारे, दोघे तपासनीस. या खोलीला ‘बँक वायरिंग’ची खोली म्हणत, बँक म्हणजे येथे टेलिफोन केंद्रातल्या जोडण्यांची चळत, पैशाची पेढी नव्हे. या वेळी काही बदलायचे नाही, फक्त पाहायचे, असे ठरले होते. ही दृष्टी लॉइड वॉर्नर यांच्याकडून आली. ते ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये राहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ. निरीक्षक कोपऱ्यात बसून राहिला. पहिले काही दिवस माणसे बिचकली, मग त्याला विसरली, आणि त्याच्या देखतच नियम मोडू लागली. तारवाला आणि डाखवाला आपसांत कामाची अदलाबदल करीत, जी करण्यास मनाई होती. आज जास्त झालेले काम उद्याच्या खात्यावर टाकीत. दिवसाचे ‘योग्य’ काम किती हे त्यांनी आपसांत ठरवले होते आणि कंपनीच्या अपेक्षेपेक्षा ते कमी होते. त्याहून जास्त करणारा लोभी, फार कमी करणारा कामचोर, आणि मुकादमाच्या कानाशी लागणारा चुगलखोर. कोणी फारच भरभर हात चालवू लागला, तर शेजारी उठून त्याच्या दंडावर एक गुद्दा ठेवून देई. त्या गुद्द्यालाही त्यांच्यात नाव होते, आणि उलट गुद्दा मारण्याचा रिवाज होता.

येथे मला अभ्यासकांची वाहवा करावीशी वाटते, आणि त्याबरोबर एक गोष्ट विचारावीशी वाटते. त्या पुरुषांकडेही कोणाचे तरी लक्ष होतेच. तोच कारखाना, तशीच निराळी खोली, शेजारी तसाच एक निरीक्षक. मग त्यांचे काम का वाढले नाही? ‘लक्ष दिले की काम वाढते’ हा बोध एका खोलीतून निघतो आणि दुसऱ्या खोलीच्या दारात अडखळतो. पाठ्यपुस्तके बहुधा दुसऱ्या खोलीसाठी दुसरा धडा देतात, म्हणजे दोन्हींची गाठ पडायला नको.

दोन खोल्यांच्या मध्ये मुलाखतींचा मोठा प्रपंच आहे. १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांवर कामगारांशी बोलणी झाली. आरंभी ठरीव प्रश्न होते. पण माणसे त्या प्रश्नांवर टिकेनात. विचारावे मुकादमाबद्दल आणि त्यांनी सांगावे घरच्या दुखण्याबद्दल. अखेर प्रश्नांची यादी बाजूला ठेवली आणि माणसाला बोलेल तसे बोलू दिले. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासावर गेली. हा निर्णय मला सबंध ग्रंथातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आजही कचेऱ्यांतून छापील प्रश्नावल्या फिरतात, ‘पूर्ण समाधानी, अंशतः समाधानी’ अशा चौकटींच्या. त्या भरताना लोक एकमेकांना विचारतात, ‘तुम्ही काय लिहिलेत हो?’ खरे तर अभ्यास करायचा तो त्या विचारण्याचा.

पण ऐकून घेतले म्हणजे समजून घेतले असे होत नाही. मजुरीचे दर कमी आहेत अशी तक्रार करणाऱ्या कामगाराचे एक उदाहरण ग्रंथात आहे. खोलात गेल्यावर कळते, की त्याची बायको इस्पितळात आहे आणि डॉक्टरांच्या बिलांची त्याला काळजी आहे. तेव्हा लेखक म्हणतात, तक्रारीचा वरचा अर्थ एक, आतला अर्थ दुसरा. मोठे सूक्ष्म निरीक्षण, पण मला शाळकरी शंका येते. बायको इस्पितळात आहे एवढ्यावरून दर पुरेसा कसा ठरतो? त्याने आपला हिशेब सांगितला, विद्वानांनी त्याचे मन वाचले. कामगाराच्या प्रत्येक वाक्यामागे दुसरे काहीतरी आहे असे धरणारा अभ्यासक मालकाच्या वाक्यांमागेही तसेच काही धुंडाळतो काय, हे पाहिले पाहिजे. या ग्रंथात तो तसा फारसा धुंडाळत नाही. आणि ग्रंथाचा एक लेखक कंपनीच्या पगारावर होता, हे वाचकाने मनाशी ठेवलेले बरे.

मग कोणी कसे पाहावे? ज्याला ते काम येते त्याची नजर निराळी असते. इंग्लंडमध्ये कोळशाच्या खाणींत नवी यंत्रे आली आणि माणसांची जुनी जोडगोळी कशी मोडली, यावर एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली एक निबंध लिहिला. बॅमफर्थ स्वतः पूर्वी खाणकामगार होते. अंधारात शेजारचा माणूस कोण आहे याला खाणीत किती किंमत असते, हे प्रश्नावलीतून कळायचे नव्हते. अमेरिकेत डोनाल्ड रॉय यांनी १९४४-४५ मध्ये एका यंत्रशाळेत स्वतः यंत्रावर उभे राहून कामगार किती काम करतात, किती राखून ठेवतात, हे टिपले. तीसएक वर्षांनी मायकेल बुरावॉय शिकागोच्या भागातच यंत्रावर कामाला लागले आणि त्यांच्या ध्यानात आले, की रॉय यांचा कारखाना तो हाच. असा योग कादंबरीत घातला असता तर समीक्षकांनी मला फाडून खाल्ले असते. पण त्या योगामुळे तीस वर्षांत काय पालटले, मुकादमाचा जाच कोठे सैल झाला, कामगारांचा चुरशीचा खेळ तसाच का राहिला, हे १९७९ च्या त्यांच्या ग्रंथात आले. यात एक काटा आहेच. शेजारी उभे राहून सुपारी खाणारा सोबती आपल्याला टिपून घेतो आहे हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्याशी हा व्यवहार सरळ म्हणावा काय? मला तो सरळ वाटत नाही; आणि तरीही ते ग्रंथ मी प्रश्नावल्यांच्या ढिगाऱ्यापेक्षा वर ठेवतो.

पुन्हा जाऊन पाहण्याचे उदाहरण आपल्या शेजारचेही आहे. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही कापड अपेक्षेइतके निघत नव्हते. एकेका मागवाल्याभोवती निरनिराळ्या कामांची माणसे विखुरलेली होती. त्याऐवजी लहान गट करून मागांचा एकेक ताफा गटाकडे सोपवावा, अशी कल्पना निघाली आणि कामगारांनी ती उचलून धरली. कापड वाढले, खराबी घटली. राइस यांचा ग्रंथ १९५८ साली निघाला. येथवर हीसुद्धा एक गोड गोष्टच. पण १९७० मध्ये एरिक मिलर पुन्हा त्या मागांपाशी गेले. एका खात्यात गटाची पद्धत सतरा वर्षे जवळजवळ जशीच्या तशी चालत होती. स्वयंचलित मागांच्या खात्यात मात्र बाजाराच्या मागण्या बदलल्या, माणसे बदलली, आणि हळूहळू काम जुन्या वळणावर गेले होते. प्रयोग फसला असेही म्हणता येत नाही आणि यशस्वी झाला असेही म्हणता येत नाही. कोणी परत गेले नसते, तर आपण १९५८ चीच गोष्ट सांगत बसलो असतो.

हॉथॉर्नला परत जायला उशीर झाला. त्या रिलेच्या खोलीत काम केलेल्या काही जणींना पन्नासएक वर्षांनंतर अभ्यासकांनी गाठले, आणि त्यांच्या आठवणी १९८३ साली छापून आल्या. तोवर त्या आज्या झाल्या होत्या. त्या खोलीतल्या मोकळेपणाविषयी त्या बोलल्या, मुकादम मानगुटीवर नसे असे म्हणाल्या. आणि तेथे इतर विभागांपेक्षा मिळकत चांगली होत असे, हेही त्यांनी सांगितले. हा मुद्दा त्यांना कोणी आग्रहाने सुचवावा लागला नव्हता.